ऐंशी घोड्यांचं घर : डर्बीशायरमधले चार दिवस

पहिला दिवस

शेफील्डहून बेकवेलकडे जाणारी बस चॅट्सवर्थच्या आवारात शिरली तेव्हा सव्वातीन वाजून गेले होते आणि पाऊस तिरका लागत होता. भाचीची रात्रपाळी लांबली, त्यामुळे सकाळची बस हुकली होती. ती सारखी म्हणत होती, "मामा, आज घर काही बघून होणार नाही. आत सोडायची वेळ टळेल."

मी म्हटलं, "घर उद्या बघू गं. मला आधी पागा बघायचीय."

आमचे आजोबा मिरज स्टेशनाबाहेर टांगा चालवायचे. मी सहा-सात वर्षांचा होईपर्यंत घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये घोडी बांधलेली असे. भिजवलेला हरभरा, लीद, लगामाला चोळायचं तेल या तिन्हींचा मिळून जो वास असतो, तो मला अजून झोपेतसुद्धा ओळखता येईल. पुढे रिक्षा आल्या, घोडी विकली, मग टांगाही गेला. मोडीत न गेलेला एक पितळी दिवा तेवढा घरात राहिला. तेव्हापासून कुठलाही राजवाडा बघायला गेलो की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो. यांचे घोडे कुठं असायचे? गाड्या कुठं लावायचे? आणि त्या घोड्यांची चंदी-वैरण बघणारी माणसं कुठं झोपायची? दरबार हॉलपाशी गाईड भरभरून बोलतात, पण या प्रश्नांवर बहुतेकजण थांबतात. इंग्लंडमधल्या डर्बीशायर परगण्यात या तिन्हींची उत्तरं दगडात उभी आहेत असं वाचलं होतं, म्हणून भाचीकडे आल्यावर चार दिवस त्यासाठीच राखून ठेवले.

चॅट्सवर्थ हे डेव्हनशायरच्या ड्यूकांचं घर. नाव डेव्हनशायरचं असलं तरी जागा डर्बीशायरमधली. १५४९ मध्ये त्यांच्या कॅव्हेंडिश घराण्यानं ही जमीन ६०० पौंडांना घेतली आणि तेव्हापासून ती त्यांच्याकडे आहे. डर्वेंट नदीवरच्या तीन कमानींच्या दगडी पुलावर आलो की समोर घर दिसतं, आणि त्याच्या डावीकडे, थोडं वर चढावर, आणखी एक भारदस्त इमारत. मध्यभागी मनोरा, मनोऱ्यात घड्याळ, कोपऱ्यांवर बुटके बुरूज. मला आधी तोच राजवाडा वाटला. भाची म्हणाली, "मामा, ती तुमची पागा."

मी बसच्या काचेवरची वाफ पुसून बघत राहिलो. घोड्यांसाठी एवढं?

त्यामागची हकीकत अशी. चौथा ड्यूक हा १७५६-५७ मध्ये काही महिने ब्रिटनचा पंतप्रधान होता. त्यानं ठरवलं की घराकडे येण्याची मुख्य वाट यापुढे पश्चिमेकडून, नदी ओलांडून असेल. पण त्या बाजूला जुन्या पागा होत्या, कामाच्या कोठ्या होत्या, एडन्सर गावातली काही घरं होती. पाहुण्याच्या नजरेला पहिल्यांदा तेच पडणार. मग जुन्या पागा पाडल्या, घरातून दिसणारी गावातली घरंही पाडली, आणि कॅपेबिलिटी ब्राउन या नावानं ओळखल्या जाणाऱ्या बागरचनाकाराला बोलावून सगळं आवार 'नैसर्गिक' दिसेल असं घडवून घेतलं. आज आपल्याला जो मोकळा हिरवा उतार दिसतो, तो असा मुद्दाम मोकळा केलेला आहे. कुणाचं तरी घर उठवून झालेली ही शोभा आहे, हे विसरून तो उतार बघणं मला जमलं नाही.

नव्या पागेचं काम जेम्स पेन या वास्तुविशारदाकडे गेलं. १७५८ मध्ये ते सुरू झालं. नदीवरचा तो पूलही पेनचाच. म्हणजे पाहुणा गाडीतून पूल ओलांडतो तेव्हा त्याला घर आणि पागा एका चित्रात दिसायला हवेत, हा विचार एकाच डोक्यातून आलेला. जुनी पागा वाटेत आडवी येत होती म्हणून पाडून टाकली, आणि नवी मात्र चढावर, साऱ्या जगाला दिसेल अशी. त्या काळात चांगले घोडे असणं म्हणजे काय, हे या एका निर्णयावरून कळतं.

पाऊस थांबेना. आम्ही छत्र्या वाऱ्याशी झुंजवत वर चढलो. दरवाज्याला जुन्या ग्रीक धाटणीचे चार जाडजूड डोरिक खांब, वर त्रिकोणी शिखरपट्टीत घराण्याचं मोठं राजचिन्ह, आणि खऱ्या आकाराची दोन दगडी सांबरं. जवळ जाऊन बघितलं तर शरीर दगडाचं पण शिंगं खरी. खऱ्या सांबरशिंगांची टोकं पावसात काळी पडून चमकत होती, आणि त्यांवरून थेंब खाली दगडाच्या मानेवर ओघळत होते. मी बराच वेळ त्या शिंगांखाली उभा राहिलो.

आत शिरलो आणि एकदम घरच्यासारखं वाटलं. चारी बाजूंनी दुमजली सोपे आणि मध्ये मोकळा चौक. हा तर आपला चौसोपी वाडा! मापं मात्र अफाट. एक बाजू सुमारे १९० फूट, आणि दुसरीही तेवढीच. खाली ८० घोड्यांची ठाणं होती, शिवाय नालबंदाचं स्वतंत्र दुकान. वरच्या मजल्यावर धान्याची कोठारं आणि मोतद्दारांच्या, म्हणजे घोड्यांची निगा राखणाऱ्यांच्या, आणि गाडीवानांच्या खोल्या. धान्य वर का, ते टांगेवाल्याच्या नातवाला सांगावं लागत नाही. जमिनीच्या ओलीपासून दूर राहतं, उंदीर कमी लागतात, आणि वरून खाली ओतायला कष्ट पडत नाहीत. माणसं वर का, त्यालाही कारण आहे. ८० जनावरांच्या अंगची ऊब वर चढते. डर्बीशायरच्या थंडीत ती फुकटची शेकोटीच. शिवाय रात्री एखादं जनावर पोटदुखीनं आडवं झालं, पाय आपटायला लागलं, तर ते वर झोपलेल्याला आधी कळतं. आमचे आजोबा त्याच कारणासाठी शेडला लागून असलेल्या खोलीत झोपायचे, आणि आजी त्यावरून आयुष्यभर कुरकुर करायची.

इथली एक गोष्ट मनात घर करून राहिली आहे. अकराव्या ड्यूकच्या पत्नी डचेस डेबोरा यांनी नोंदवून ठेवलंय की वरच्या एका खोलीच्या दारावर अजून 'थर्ड पोस्टिलियन' अशी रंगवलेली अक्षरं आहेत. पोस्टिलियन म्हणजे जोडीतल्या डाव्या घोड्यावर स्वार होऊन गाडी हाकणारा. त्यात पहिला, दुसरा, तिसरा अशी उतरंड. तिसऱ्याचं नाव दारावर नाही, फक्त हुद्दा. माणसं बदलत गेली असतील, दार तेच राहिलं. घरातल्या भिंतींवर ड्यूकांच्या पूर्ण उंचीच्या तसबिरी आहेत. त्यांच्या गाड्या हाकणाऱ्यांची खूण म्हणून हे दोन शब्द. मला ते दार बघायला मिळालं नाही, पण मी चौकात उभं राहून वरच्या खिडक्या एकेक करून बघितल्या.

रात्री बेकवेलला मुक्काम. तिथलं प्रसिद्ध पुडिंग खाल्लं. जॅम, अंडं आणि बदाम. गोडाच्या माणसाला आवडेल.

दुसरा दिवस

आकाश निवळलं होतं. घर उघडताच आत गेलो. रंगवलेली छतं, पुतळे, पुस्तकं, सगळं डोळे दिपवणारं आहे आणि त्यावर पुष्कळांनी पुष्कळ लिहिलंय. मी दोन तासांत बाहेर पडलो आणि बागेत गेलो, कारण पागेच्या गोष्टीतला पुढचा माणूस बागेत भेटतो.

त्याचं नाव जोसेफ पॅक्स्टन. ९ मे १८२६ ला पहाटे साडेचारला तो इथं पोहोचला. लंडनहून चेस्टरफील्डपर्यंत 'कॉमेट' नावाच्या घोड्यांच्या गाडीनं आला होता. वय बावीस-तेवीस, नोकरीचा पहिला दिवस. कुणी जागं नव्हतं. पठ्ठ्या फाटकावरून चढून आत उतरला, सगळी बाग फिरून बघितली, सहाला माळी आले तसं त्यांना कामाला लावलं, आणि मग घरातल्या मुख्य व्यवस्थापिकाबाईंकडे न्याहारीला गेला. तिथं त्या बाईंची भाची भेटली. पुढच्या वर्षी दोघांचं लग्न झालं. हे सगळं पॅक्स्टननं स्वतःच सांगून ठेवलंय. पहाटेच्या गाडीतून अंग मोडून उतरलेला माणूस नऊच्या आत आयुष्याची दिशा ठरवून मोकळा होतो, हे वाचताना मला नेहमी हुरूप येतो.

त्याचा मालक सहावा ड्यूक. त्यानं लग्न केलं नाही, म्हणून 'बॅचलर ड्यूक' हे नाव पडलं. १८२६ मध्ये झार निकोलस पहिला याच्या राज्याभिषेकाला तो ब्रिटनचा खास राजदूत म्हणून रशियाला गेला होता. थाटाची त्याला हौस होती आणि पॅक्स्टनला डोकं होतं. दोघांनी मिळून १८३६ ते १८४० या काळात बागेत एक प्रचंड काचघर उभारलं. त्याच्या मधोमध रस्ता होता, आणि त्यावरून घोड्यांची गाडी थेट आत जात असे. उष्ण प्रदेशातल्या झाडांमधून, काचेच्या छताखालून, गाडीतून फेरफटका! डिसेंबर १८४३ मध्ये राणी व्हिक्टोरियाला यातून फिरवलं तेव्हा आत १२,००० दिवे लावले होते. ऊब राखायला आठ बॉयलर आणि सात मैल लांबीचे लोखंडी पाईप. कोळसा येण्यासाठी जमिनीखालून बोगदा काढलेला, म्हणजे काळ्या हातांची माणसं पाहुण्यांच्या नजरेस पडायला नकोत.

पहिल्या महायुद्धात कोळसा मिळेना. झाडं गोठून मेली. १९२० मध्ये काचघर पाडलं. आज तिथं पाया राहिलाय आणि आत झाडांचा चक्रव्यूह लावलाय. मी त्या पायाच्या कडेनं चालत गेलो. भाची पायाकडे बघत म्हणाली, "एवढा खटाटोप कशासाठी?" तिला मी केळ्याची गोष्ट सांगितली. पॅक्स्टननं इथल्या उबदार काचघरांत १८३० च्या दशकात केळी वाढवली आणि ड्यूकच्या घराण्याचं नाव त्या जातीला मिळालं, कॅव्हेंडिश. आपल्या जळगावची बसराई ही त्याच कॅव्हेंडिश गटातली ठेंगणी जात, आणि आता सगळीकडे लावतात ती ग्रँड नैनसुद्धा त्याच गटातली. भाचीचं सासर यावलचं. तिनं लगेच सासूबाईंना फोटो पाठवला.

आता गाडीखाना. मी मुद्दाम मराठी शब्द वापरतोय, कारण तो आपल्याकडे होता आणि विसरायला नको. पुण्यात शुक्रवार पेठेत मंडईच्या परिसरात अजूनही एका जागेला गाडीखाना म्हणतात. तिथं महापालिकेचा दवाखाना आहे, पण लोकांच्या तोंडी नाव तेच.

चॅट्सवर्थचा गाडीखाना पागेच्या मागे आहे आणि पागेहून सत्तर-पंचाहत्तर वर्षांनी धाकटा. सहाव्या ड्यूकनं तो १८३० च्या दशकात बांधून घेतला. घोडे आणि गाड्या वेगळ्या इमारतीत का ठेवायच्या, याला फार व्यावहारिक कारण आहे. घोड्यांच्या मुतानं जो उग्र वास सुटतो, डोळ्यांत पाणी आणतो, तो अमोनिया. बग्गीच्या अंगावर एकावर एक थर देऊन घोटलेलं व्हार्निश असतं, आत रेशमी अस्तर, वर चामडं. या सगळ्याला अमोनिया खातो. व्हार्निश मंद होतं, चामडं तडकतं. ओल लागली तर लाकूड फुगतं, आणि फार कोरडं झालं तर चाकांचे आरे खिळखिळे होतात. म्हणून गाडीखाना कोरडा हवा पण तापलेला नको, दारं रुंद हवीत, आणि समोर गाडी धुवायला दगडी फरशीची उताराची जागा. टांगेवाल्याला हे परवडत नाही. आमच्या शेडमध्ये टांगा आणि घोडी शेजारी-शेजारीच असायची, आणि आजोबा दर दिवाळीला टांग्याला नव्यानं रंग द्यायचे. का द्यावा लागायचा, ते मला साठीत, डर्बीशायरमध्ये उमगलं.

आज या गाडीखान्यात अडीचशे माणसं बसतील असं खानावळीचं दालन आहे. तिथवर पोहोचायला बराच काळ गेला. पागेतले शेवटचे घोडे १९३९ मध्ये बाहेर पडले. त्याच सुमाराला महायुद्ध सुरू झालं आणि घरात मुलींची एक शाळा राहायला आली. पागेचं कोठार झालं, मोटारींची जागा झाली. मोतद्दारांच्या खोल्या पुढे घराण्याच्या निवृत्त नोकरांना राहायला दिल्या, ही गोष्ट मला फार बरी वाटली. युद्धानंतर घर लोकांसाठी पुन्हा उघडलं तेव्हा पाहुण्यांच्या खाण्यापिण्याची सोय म्हणजे बाहेरचा एक नळ. त्या नळावर आता 'कुत्र्यांसाठी पाणी' अशी पाटी आहे. १९७५ मध्ये १२० पौंड घालून चहाचं छोटं दुकान काढलं. १९७९ मध्ये जुन्या ठाणांत नव्वद माणसांचं उपाहारगृह झालं, ते नीट जमलं नाही. १९८७ मध्ये ड्यूकच्या फ्रेंच आचाऱ्यानं सूत्रं हातात घेतली आणि मग गाडीखान्याचं आजचं रूप आलं.

एका बग्गीची आठवण मात्र इथं जपलेली आहे. एकोणिसाव्या शतकातली ती बग्गी १९५३ मध्ये राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकाला ड्यूक आणि डचेस यांना घेऊन गेली होती. रेल्वे आली, मोटारी आल्या, विमानं आली, आणि तरी त्या दिवशी लंडनच्या रस्त्यावर आधीच्या शतकातल्या लाकडी चाकांवर विश्वास टाकावासा वाटला.

चाकांचं सांगायला हवं. अशा बग्गीची पुढची चाकं लहान आणि मागची मोठी असतात. लहान चाक वळताना गाडीच्या पोटाखाली शिरतं, म्हणून आखूड जागेत वळता येतं. मोठं चाक खड्ड्यावरून सहज जातं, म्हणून ते मागं, जिथं बसणाऱ्याचं वजन येतं. चाक समोरून सपाट दिसतं पण बाजूनं बघितलं तर बशीसारखं किंचित खोलगट असतं. घोडा चालताना गाडी डाव्या-उजव्या अंगाला झोल खाते, तो धक्का आऱ्यांना सोसता यावा म्हणून सुतार त्यांना असा कल देतात. आणि बाहेरून लोखंडी धाव, म्हणजे चाकाभोवती आवळलेली पट्टी. मिरजेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी लोहार धाव चढवायचा, ते बघायला आम्ही पोरं शाळा बुडवायचो. शेणाच्या गोवऱ्यांच्या गोल जाळात धाव लालभडक व्हायची, दोघं चिमट्यांनी उचलून चाकावर ठोकायचे, लाकडाचा धूर निघायचा, आणि मग वरून पाणी. चर्रर्र आवाज करत लोखंड आवळायचं आणि मधल्या तुंब्यापासून कडेच्या लाकडी पुठ्ठ्यापर्यंत एकेक आरा जागच्या जागी कट्ट बसायचा. तो आवाज आला की आजोबा मान डोलवायचे. आवाज नाही आला तर धाव पुन्हा काढायला लावायचे.

हे मी भाचीला सांगत होतो तेव्हा शेजारच्या टेबलावरचे एक वृद्ध गृहस्थ माझ्या हातवाऱ्यांकडे बघत होते. भाषा कळत नसली तरी त्यांना चाक कळलं असावं. त्यांनी हातानं पाणी ओतल्याची खूण केली आणि तोंडानं तोच आवाज काढला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

तिसरा दिवस

बेकवेलहून बसनं बक्स्टनला. हे चढावरचं गरम झऱ्याचं गाव. पाचव्या ड्यूकनं १७८० ते १७८९ या काळात इथं चंद्रकोरीच्या आकाराची भव्य हॉटेल-इमारत उभारली, पैसा एक्टनच्या तांब्याच्या खाणीतून आलेला. हवापालटाला येणाऱ्यांचे घोडे ठेवायला, त्याच वर्षांत, जॉन कार या वास्तुविशारदानं टेकडीवर पागा बांधली. साधारण १२० घोड्यांची. बाहेरून अष्टकोनी, आत गोल चौक, चौकाभोवती खांबांची ओवरी. पाऊस असला तरी घोड्यांना ओवरीतून फिरवता यावं, म्हणून ती.

१८५९ मध्ये या पागेचा मोठा भाग दवाखान्यासाठी दिला गेला. लँकेशायर-यॉर्कशायरच्या कापडगिरण्यांत राबून सांधे धरलेल्या गरीब कामगारांना इथल्या पाण्याचा उपचार मिळावा म्हणून. काही वर्षं तर एका अंगाला रुग्ण आणि दुसऱ्या अंगाला घोडे, असा एकाच छताखाली संसार होता. पुढे घोडे हलवले आणि उघड्या गोल चौकावर घुमट चढवायचं ठरलं. काम चालू असताना डिसेंबर १८७९ मध्ये स्कॉटलंडमधला टे नदीवरचा रेल्वेपूल गाडीसकट कोसळला. लोखंडावरचा साऱ्यांचा विश्वास हलला, आणि इथल्या घुमटाच्या वाकवलेल्या फासळ्यांची संख्या वाढवून २२ केली. १८८१ मध्ये घुमट पुरा झाला. व्यास ४४ मीटर.

मिरजेच्या माणसाला विजापूर काही दूर नाही. गोल घुमटात मी लहानपणापासून पाच-सहा वेळा गेलोय. त्याचा आतला व्यास सुमारे ३८ मीटर, पण तो सगळा चुना-विटांचा, आणि सव्वादोनशे वर्षांनी जुना. इथं लोखंडाचा सांगाडा आणि वर पाटीच्या दगडाचे पापुद्रे. दोन्हींची बरोबरी करण्यात अर्थ नाही. पण मधोमध उभं राहून टाळी वाजवली तेव्हा जो आवाज डोक्यावरून फिरून खाली आला, त्यानं मला थेट विजापूरच्या सज्जात नेऊन उभं केलं.

दवाखाना २००० मध्ये बंद झाला, मग इमारत डर्बी विद्यापीठानं घेतली. जिथं मोतद्दार घोडे चालवायचे त्या ओवरीतून पाठीवर पिशव्या अडकवलेली मुलं जात होती. भाची स्वतः नर्स. ती खांबांकडे बघत म्हणाली, "पागेत दवाखाना ऐकून आधी कसंतरी वाटलं. पण हवा किती खेळती आहे बघा ना." बरोबर बोलली. घोड्याला कोंडलेली हवा सोसत नाही. फुफ्फुसं जातात. चांगली पागा बांधणारा आधी हवेची वाट काढतो. कारनं घोड्यांसाठी केलेली ती सोय पुढं जवळजवळ एकशेचाळीस वर्षं आजाऱ्यांच्या कामी आली.

चौथा दिवस

भाचीच्या नवऱ्याला सुट्टी होती, त्यामुळे आज गाडी. जावईबापू चालवायला, मी पुढं, भाची मागं झोपलेली. परगण्याच्या दक्षिण टोकाला टिकनॉल गावाजवळ कॉक ॲबी नावाचं जुनं घर.

चॅट्सवर्थ बघून इथं आलं की मन गोंधळतं. इथं काहीच चकचकीत नाही. घर १७०१ ते १७०४ मधलं, हार्पर घराण्याचं, दगडी. पागा १७१२ ते १७१६ मधली, लाल विटांची. १७६८ मध्ये तिला घोडे फिरवायचं झाकलेलं दालन जोडलं. या घराण्यातला सर व्हॉन्सी हार्पर क्रू हा विलक्षण माणूस. त्याला पक्षी, फुलपाखरं, शिंगं जमवायचा नाद, आणि मोटारींचा तिटकारा. १९२४ मध्ये तो गेला, तोपर्यंत आवारात मोटारीला बंदी होती. घरात वीज आली १९६२ मध्ये. पुढच्या एका वारसाच्या मृत्यूनंतर कराचं ओझं इतकं आलं की १९८५ मध्ये घर नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे गेलं. ट्रस्टनं एक शहाणपणाचा निर्णय घेतला. पडझड थांबवायची, पण नवं करायचं नाही. सोललेला रंग सोललेलाच, फाटका पडदा फाटकाच.

व्हॉन्सीच्या त्या हट्टामुळेच इथला गाडीखाना जिवंत वाटतो. इतर ठिकाणी मोटार आली तशा बग्ग्या मोडीत गेल्या. इथं विसावं शतक चांगलं उजाडल्यावरही घोडे जुंपले जात होते. विटांच्या अर्धवट अंधारात बग्ग्या शेजारी-शेजारी उभ्या आहेत, धुरा टेकवून. कुणी आत्ता येईल आणि जुंपेल अशा. आत पाऊल टाकलं आणि वास आला. लीद नाही, हरभरा नाही, पण चामडं आणि जुनं वंगण होतं. मी दारातच थबकलो. जावईबापूंनी विचारलं, "मामा, बरं वाटत नाही का?" मी नुसती मान हलवली.

दोरीच्या अलीकडून एका बग्गीचा दिवा हातभर अंतरावर होता. तो मी डोळे भरून बघितला. चौकोनी काळी पेटी, समोर काच, आतून पितळेचा घोटीव पत्रा उजेड पुढं फेकायला. खाली लांब नळी. त्या नळीत मेणबत्ती असते आणि मेणबत्तीखाली स्प्रिंग. मेणबत्ती जळत कमी होते तशी स्प्रिंग तिला वर ढकलते, म्हणजे ज्योत कायम काचेच्या मध्यावर. गाडी कितीही हिंदकळू दे. आणि मागच्या बाजूला रुपयाएवढी लाल काच, मागून येणाऱ्याला कळावं म्हणून.

आजोबांच्या दिव्यात रॉकेल होतं, मेणबत्ती नव्हती. पण तसाच घोटीव पत्रा होता. स्टेशनवरची रात्रीची गाडी करून आले की ते आधी दिवा उतरवायचे, फुंकरीनं विझवायचे, काच धोतराच्या सोग्यानं पुसायचे, आणि मग घोडीचा तोबरा भरायचे. हा क्रम कधी चुकला नाही. लाल काच होती का? काही केल्या आठवेना.

बाहेर चौकात आलो आणि थोरल्या भावाला फोन लावला. इथं दुपारचे तीन, तिथं मिरजेत साडेसात.

"दादा, आपल्या टांग्याचा दिवा कुठंय?"

"माळ्यावर. का रे? तू कुठंयस?"

"त्याला मागं लाल काच आहे का, बघ ना जरा."

"आत्ता?"

"आत्ताच."

शिडी लावल्याचा आवाज आला, मग वहिनींचा आवाज, "अहो, पडाल, सांभाळून." पत्र्याचे डबे सरकले. दादा शिंकला. मी विटांच्या भिंतीला टेकून उभा होतो, फोन कानाला गच्च धरून.

"पुढची काच गेलीय," दादा म्हणाला. "पितळ काळं पडलंय सगळं. थांब, मागं माती बसलीय." बोटानं घासल्याचा आवाज. "आहे रे. लाल आहे. शाबूत आहे."